मेणाचा जाड थर

आमगाव,
९ जुलै २०००

प्रिय अल्का,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र पोचलं. आषाढी पौर्णिमेला यायला जमणार नाही, आंबे घनश्यामच्या हाती पाठव, असं लिहिलंस. तो उद्याच्या गाडीने बिलासपूरला निघतोय. त्याच्या हाती हे पत्रच तेवढं देते आहे. इकडे धानाची रोवणी सुरू झाली. माझे गुडघे तसेच. थकवा फार येतो गं.

आंबे नासले. त्रेचाळीसपैकी एकही देण्याजोगा उरला नाही.

केलं सगळं आईच्याच पद्धतीने. बोटभर देठ ठेवून तोडले, उपडे ठेवून चीक गळू दिला, कढत पाण्यातून काढून सावलीत सुकवले. मग तेलात कालवलेलं मेण. तुला आठवतं, आपण दोघी फडक्याने आंबे पुसायचो आणि आई एकेकावर मेणाचा हात फिरवून धानाच्या तणसात मांडायची, एकाला दुसरा न टेकवता? पौर्णिमेपर्यंत साल सुरकुतायची नाही.

यंदा मेण मी लावलं. आई बाजेवरून ओरडत होती, "पातर लाव, प्रेमिला, पातर! भित लिपून राहिलीस का?"

पण मला धास्ती. आंबे सुकले तर तू विचारशील, यंदा आईचा हात लागला नाही का? म्हणून जाड थर दिला. वरून कसे तुकतुकीत दिसत होते! काल एक कापला तर आंबूस वास, कोयीजवळचा गर तपकिरी. आईने नाक मुरडलं. "दम कोंडला त्याहिचा. एवढी शिकलेली पोरगी, अन् हे!"

अल्का, चैत्रात आईला लकवा झाला. उजवा हात गेला, पाय ओढत चालते. त्यानंतर मी तुला तीन पत्रं लिहिली आणि तिन्हींत 'आई बरी आहे' असं लिहिलं.

कॉन्व्हेंटात शनिवारी ख्रिस्ती मुली पापं सांगायला रांगेत उभ्या राहायच्या, आणि आपण बाहेर बाकावर चिंचा खात हसायचो. एवढ्याशा मुलींची कसली पापं! आता माझं ऐक. तुला काळजी नको म्हणून लपवलं, असं नाही. कळलं की तू तिला बिलासपूरला नेशील आणि तिथेच ठेवून घेशील, याची भीती वाटली. या घरात माझ्याशी भांडणारं दुसरं कोण आहे? डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, मोठ्या दवाखान्यात न्या, हाताला रोज व्यायाम हवा, उशीर करू नका. मी उशीर केला.

आई रोज विचारायची, "अल्काले सांगतलीस का?" मी हो म्हणायचे. काल म्हणाली, "मंग ते आली काऊन नाई?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. जेवली नाही.

घनश्याम परत येईल तेव्हा तू त्याच्याबरोबरच ये. तिला न्यायचं असेल तर ने. तिची लुगडी धुऊन, घड्या घालून ठेवली आहेत. मी आडवी येणार नाही.

हे पत्र मी तिला वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर तिने पेन मागितला. खालची सही डाव्या हाताची आहे. पुरी होण्याआधी हात थकला, पण आहे तिचीच.

तुझी ताई,
प्रेमिला

पार्व