ट्रंककॉलचे दात

४ फेब्रुवारी, मंगळवार

ट्रंककॉल मांजरीने आज परत मासा थुंकला. उकडलेला, काटे काढलेला, माझ्या हाताने! तोंडात घेतला, मान वाकडी करून एका बाजूने चावायला गेली आणि टाकून दिला. मग पंजाने गाल खाजवत बसली. माझ्याकडे अशी बघत होती जशी काय मीच त्यात काही घातलंय.

नव्हतं घातलं! या वेळी खरंच नाही.

तोंडाला वास मारतोय. गटाराचं झाकण उघडल्यावर येतो तसा.

दुकानात मात्र मजा केली. काल निघताना फळीवरच्या सगळ्या दारबेल मेन स्विचला जोडून ठेवल्या होत्या. सकाळी मालकाने स्विच पाडला, आणि चिमणी, कोकिळा, डिंगडाँग, रडणारं बाळ, सगळं एकदम! मालक जागच्या जागी उडाला. "अरे गाढवा, विजेचं दुकान आहे का चिडियाघर?" मी पोट धरून खाली बसलो. वर बघितलं तर हसणारा मी एकटाच. गिऱ्हाईकसुद्धा नव्हतं.

घरी येऊन सांगावं कुणाला? बाबा ट्रकवर, आई फोटोत, समोरच्या दाराला कुलूप.

५ फेब्रुवारी, बुधवार

दूध पण अर्धंच. आणि ओरडत नाही. जिचं नाव ट्रंककॉल ती ओरडत नाही म्हणजे लाइनच गेली!

६ फेब्रुवारी, गुरुवार

हीटरच्या रिकाम्या खोक्यात घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी खोकं उघडल्या उघडल्या ओळखलं. "ही तर समोरच्या आजींची ना? तू कोण? तो बेल वाजवून पळणारा?"

कीर्ती पुढे पोचली होती!

हो, पळायचो. लहानपणापासून. आजी नात्याने माझी कुणी नाही. समोरचं दार, एवढंच. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, ऑपरेटर होती, लांबच्या गावचे ओरडून बोलायचे ट्रंककॉल जोडायची; मांजरीचं नाव त्यावरूनच. गावभराचे नंबर तिला अजून पाठ. आणि आवाज! मी पोलीस होऊन फोन केला, बँकवाला होऊन केला, बाईचा आवाज काढून केला, एकदाही फसली नाही. फोन उचलून "बोला" म्हणायची. मी म्हणायचो, "गॅस एजन्सीतून बोलतोय." की लगेच, "गॅस माझा संपला नाहीये, अक्कल तुझी संपलीये. जेवायला ये."

आणि मी जायचो.

मग ती बाथरूममध्ये पडली. मुलगा येऊन आपल्या शहरात घेऊन गेला. जाताना मांजर माझ्या हातात. "पंधरा दिवसांत येते. तोवर हिला बघ. तुझ्यासारखीच आगाऊ आहे, जमेल तुमचं." तेव्हा दुकानात पंखे खपत होते. आता हीटर खपतायत.

असो. बाईंनी ट्रंककॉलचा ओठ वर केला. मीच डोळे मिटले. हिरड्या लालभडक, मागच्या दाढेखाली पू. म्हणाल्या, "निदान तीन तरी काढावे लागतील. पूर्ण भूल देऊन."

"भूल कशाला? धरतो की मी!"

"तुझी दाढ काढते भूल न देता. मी धरते. चालेल?"

मी गालावर हात ठेवला.

मग रक्त घेतलं, छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकत होत्या. मला ते आवडलं नाही. "वय झालंय. किडन्या थोड्या थकल्यात, हृदयातही जरा आवाज आहे. सलाइन लावून, जपून भूल देईन. पण उठेलच असा शब्द देणार नाही."

"आणि नाही काढले तर?"

"गोळ्या देऊ. मऊ खायला घाल. पण दुखत राहणार. मांजर दुखणं सांगत नाही रे, खाणं सोडतं."

"तुम्ही काय केलं असतं?"

"माझी असती तर काढले असते. पण माझी नाही. तुझीही नाही. आजींना विचार. फोनवर हो म्हणाल्या तरी मला पुरे."

८ फेब्रुवारी, शनिवार

आजीच्या मुलाच्या घरी फोन लावला. साहेब म्हणतो मी त्याला. तोंडावर नाही. आजी मोबाइलला हात लावत नाही म्हणून तिचे जुने वायरवाले फोन तिथेही बसवलेत, एकाच लाइनवर, एक बाहेर, एक तिच्या खोलीत. पण बाहेरचा साहेबच उचलतो.

सगळं सांगितलं. दाढ, पू, भूल, हृदय. मधेच लाइनवर खट् झालं. जुना फोन, दुसरं काय.

"म्हाताऱ्या मांजराचं कसलं ऑपरेशन?" म्हणाला.

"आजीला जरा देता?"

"अजिबात नाही. तिला आत्ता कुठे बरं वाटतंय. हे कळलं तर दोन दिवस जेवायची नाही. तू तिला एक अक्षर बोलायचं नाहीस, समजलं?"

"मग डॉक्टरांशी तुम्ही बोला."

"मला यात ओढू नकोस. तुला काय करायचं ते कर, नाहीतर सोडून दे कुठेतरी."

सोडून दे म्हणे! चप्पल आहे का ती?

"आजी येणार कधी?" विचारलं.

"बघू," म्हणाला. मोठी माणसं बघू म्हणतात तेव्हा बघत नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. सगळ्यांना फोन केले.

माझा दोस्त ढब्बू, त्याला म्हटलं, मांजर मरायला टेकलंय, ये ना दवाखान्यात. तो हसायलाच लागला. "मागच्या वेळी तुझा पाय मोडला होता. मी आलो तर तू गच्चीवर पतंग उडवत होतास!" खरंच होतं ते. म्हटलं, आईशप्पथ. म्हणाला, "आईशप्पथ तेव्हाही घेतली होतीस." लांडगा आला रे आला! आता खरंच आला, तर गावात कुणी नाही.

दुसरा दोस्त चष्मा, त्याचं लग्न झालंय. त्याच्या बायकोनेच उचलला. ते घरी नाहीत, म्हणाली. मागून त्याचा आवाज येत होता.

बाबांना लावला. इंजिनाच्या घरघरीत ओरडून सांगावं लागलं. "मांजराचे दात?" दोनदा विचारलं. मग म्हणाले, "तू जेवलास का?" जेवलो म्हटलं. रेंज गेली.

नव्हतो जेवलो.

ट्रंककॉल दिवसभर हीटरसमोर. अंग चाटायला घेते, जीभ बाहेर काढते, थांबते, आत घेते. पाठीवरचे केस नुसते गुंतलेत. आजी बघती तर म्हणती, काय रे, पोरीला कंगवा मिळाला नाही का?

१० फेब्रुवारी, सोमवार

खरं तर सोपं आहे. आजीचा आवाज मला येतो. हुबेहूब. थोडा घसा बसवायचा, वाक्य संपताना नाकात जायचं. डॉक्टरीणबाईंना फोन करायचा आणि "हो, करा" म्हणायचं. माझ्याकडे सिमकार्डं चिक्कार. दर महिन्याला नंबर बदलतो मी, नाहीतर मार खाईन.

पण ती हो म्हणाली असती का? हे काही कळेना. आवाज येतो तिचा, उत्तर येत नाही.

हो म्हटलं आणि ट्रंककॉल टेबलावरच गेली तर? आजी परत आल्यावर दारात उभी राहणार, मी काय दाखवू? रिकामं खोकं? आणि नाही म्हटलं तर ही रोज थोडी थोडी उपाशी मरणार, माझ्यासमोर. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार म्हणतात. मी तर घंटाच विकतो, तरी बांधवत नाहीये.

११ फेब्रुवारी, मंगळवार

एक गोष्ट लिहायची राहिलीये. मी अजून आजीची बेल वाजवतो. रोज दुकानातून आलो की. कुलूप दिसतं समोर, तरी बोट जातंच. पळत वगैरे नाही आता. वाजवतो आणि उभा राहतो. आतून कुणी "थांब मेल्या" म्हणत नाही. मग माझं दार उघडतो.

आज नेमकं माझं दार आधी उघडलं आणि मग वळून बेल वाजवली. तर ट्रंककॉल! हीटर सोडून तुरुतुरु आली. आजीच्या दाराशी जाऊन बसली, शेपूट पायाभोवती गुंडाळून. वर बघितलं. ओरडायला तोंड उघडलं, पूर्ण, पूर्वीसारखं. आवाज निघायच्या आतच कळ आली असणार. तोंड मिटलं. परत उघडलं. परत मिटलं.

तिच्या पोटात अख्खा ट्रंककॉल तयार आहे आणि दाढ तो लावू देत नाहीये.

उचलून आत आणली. किती हलकी झालीये! मग दुकानातला स्क्रूड्रायव्हर आणला आणि आजीच्या बेलची वायर काढून टाकली. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी बेल बंद केली.

ठरलं. काढायचे दात.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दुकानाच्या माळ्यावर चढलो, वायरच्या भेंडोळ्यांच्या मागे. नवं सिम. घसा बसवला.

"हॅलो, डॉक्टर? मी मांजरवाली आजी."

मग बाई म्हणाल्या, "नमस्कार आजी. कशी आहे तब्येत?"

"तब्येतीला काय धाड भरलीये? माझ्या मांजरीचं बोला."

सुटलो होतो मी! बाईंनी परत सगळं समजावलं, किडन्या, हृदय, भूल. आणि मग विचारलं, "आजी, भीती नाही वाटत?"

हे मी पाठ केलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "वाटते ना. खूप वाटते. पण तिला ओरडता येत नाही हो. ओरडल्याशिवाय ती जगायची कशी?"

"आणि गेली तर?"

"तर माझ्यामुळे गेली. दुसऱ्या कुणामुळे नाही."

"नंतर जपावं लागेल. औषधं, पातळ खाणं. त्या पोराला झेपेल का?"

आली का पंचाईत! आजी माझ्याबद्दल काय बोलेल? चांगलं बोललो असतो तर लगेच पकडलो असतो. "तो? एक नंबरचा कारटा," म्हणालो. "कशात धड नाही. शाळेत नाही, कामात नाही." आणि मग काय झालं कळेना, घसा आपोआपच बसला. "पण बोलावलं की येतो."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज. मग, "ठीक आहे. परवा सकाळी पाठवा त्याला. तुमच्या शब्दावर करते."

खालून मालक ओरडला, "माळ्यावर कोण म्हातारी घुसलीये रे?"

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रात्री जेवण झाल्यावर खायला द्यायचं नाही, सांगितलंय. तिने नाही मागितलं. मीही नाही जेवलो. दोघांचा उपास.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नेलं. पुढच्या पायाचे केस काढले, सुई लावली. बाई म्हणाल्या, झोपेपर्यंत थांब हवं तर. थांबलो. ती माझ्याकडेच बघत होती. काहीतरी विनोद करावा म्हणून मी डोळे तिरळे केले. ते बघता बघता तिचे डोळे गेले. मिटले नाहीत, नुसते भुलीत गेले. मला बाहेर पाठवलं.

बाहेर बाकावर एक बाई कुत्र्याला मांडीवर घेऊन बसली होती. मी बूट नसलेल्या पायाला लेस बांधायचं नाटक करतो ना, तसं करून तिला हसवावं असं मनात आलं. नाही जमलं. रिकामं खोकं मांडीवर घेऊन बसलो. त्यावर लिहिलंय, "उष्णतेची पाच वर्षं हमी."

आतून मशीनचा टिक टिक आवाज. मधेच तो भरभर झाला, कुणीतरी धावलं. मी उभा राहिलो. बसलो. परत उभा राहिलो. आजी, चुकलो असलो तर मला मार, पण तिला उठव. असं मोठ्याने बोललो बहुतेक, कारण कुत्रेवाली बाई माझ्याकडे बघायला लागली.

दार उघडलं. डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर घाम. हातात वाटी, वाटीत चार दात.

"मधे जरा घाबरवलं तिने आम्हाला. पण उठतीये."

मी वाटी घेतली आणि तिथेच रडलो. हे कुणाला सांगणार नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दारू प्यायल्यासारखी चालते! भिंतीला धडकली आणि भिंतीकडेच रागाने बघितलं. पातळ केलेलं मटण चाटलं, चार वेळा. मालकाकडे रजा मागितली. "मांजराचे दात काढले म्हणून रजा? नवीन थाप शोध." मग वाटी दाखवली. दिली रजा.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ओरडली!! वरच्या मजल्यावरून विचारायला आले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

टाके दाखवायला नेलं. डॉक्टरीणबाई तिच्या तोंडात टॉर्च मारत सहज म्हणाल्या, "पुढच्या वेळी 'हॅलो' म्हणू नकोस. आजी 'बोला' म्हणतात."

माझी दातखीळच बसली.

आजीचा त्यांना आधीच फोन आलेला. मी करायच्या आदल्या दिवशी, साहेब ऑफिसला गेल्यावर. त्या शनिवारचं आमचं सगळं बोलणं तिने खोलीतल्या फोनवर ऐकलं होतं. ते खट्! बाईंना म्हणाली, "कारटं माझा आवाज काढून फोन करेल. ओळखलं असं दाखवू नका. तो हो म्हणाला तर हो, नाही म्हणाला तर नाही. मला आता इथून कुणी परत पाठवत नाही. मांजर त्याचं आहे."

घरी येऊन साहेबाच्या घरचा नंबर लावला. भर दुपारी. दोन रिंगमध्येच उचलला गेला.

"बोला."

मी फोन ट्रंककॉलच्या तोंडाशी धरला.