मिल चालवायला शिकायचं होतं, भाऊ

प्रिय भाऊ,

आज दुपारी पुण्याच्या त्या मॅनेजमेंट कॉलेजचं उत्तर आलं. नाही म्हणाले. बाररूममध्ये बाकीचे वकील जेवत होते. मी मोबाइल उलटा ठेवला आणि डबा न उघडताच घरी आले. चांगलं-वाईट काहीही झालं की माझा पहिला फोन तुला जायचा. वकिलीची सनद मिळाली तेव्हाही तुलाच लावला होता. तुझी दाल मिल चालू होती, त्या आवाजात तुला काही ऐकू येईना. "काय झालं? कोन काय म्हटलं तुले?" म्हणून तू ओरडत राहिलास आणि मी रस्त्यात उभी राहून हसत होते. आता तुझा फोन वहिनीच्या कपाटात आहे आणि ती तो चार्ज करत नाही. म्हणून लिहितेय.

तुला यातलं काहीच ठाऊक नाही. पहिल्यापासून सांगते.

तू गेलास त्या दिवशी संग्रामपूरकडून आलेली तुरीची गाडी उतरत होती. तू वजनकाट्याजवळ खुर्चीवर बसलास, पाणी मागितलंस, आणि पाणी येईपर्यंत मान खाली गेली. खामगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी तेव्हा कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी घेत होते. फोन बंद होता. त्या वेळी तू कुणाचं नाव घेतलंस का रे? मिलवरच्या कुणालाही मी हे अजून विचारलेलं नाही.

तेरवी झाली आणि सगळे माझ्याकडे पाहायला लागले. तुम्हा दोघांना मूलबाळ नाही. वहिनीनं मिलचं काम कधी पाहिलेलं नाही. मग मीच म्हटलं, मी पाहते. कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.

एक सांगू, रागावू नकोस. तू मला कधी काही शिकवलंच नाहीस. सुट्टीच्या दिवशी मी मिलवर आले की चहा मागवायचास आणि मला ऑफिसात बसवायचास. काही विचारलं की ठरलेलं उत्तर. "तू कोर्ट पाह्य. मिल मी पाह्यतो." तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा. आपला भाऊ आपल्याला धुळीत येऊ देत नाही म्हणून. आता वाटतं, एकदा तरी हातावर मूठभर तूर ठेवून सांगायचं होतंस, हिच्यात काय पाहायचं ते.

कारण मी ओली तूर घेतली, भाऊ. वरून चांगली दिसली म्हणून घेतली. डाळ फुटून फुटून नुसता चुरा, नुसती चुनी निघाली. व्यापाऱ्यानं माल परत पाठवला. माणूस वाईट नव्हता. फोनवर म्हणाला, "बाई, मनोहरभाऊच्या नावावर घेतला होता माल. पुढच्या टायमाले पाहून पाठवजा." पुढच्या वेळी त्यानं मागवलाच नाही. मग दुसऱ्यानं थांबवलं. मिल आठवड्यातून एखादा दिवस चालायला लागली.

काम बिघडल्यावर काय करायचं ते मला येतं. नोटीस द्यायची, दावा लावायचा, तारखेला उभं राहायचं. बिघडू नये म्हणून काय करायचं, ते मी कुठं शिकले होते? तेव्हा ठरवलं, वकिली सोडायची आणि धंदा शिकायचा, रीतसर. नोकरी-व्यवसाय केलेल्या लोकांसाठी एका वर्षाचा कोर्स असतो, त्याला अर्ज करायचा.

वहिनीला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती.

"आता या वयात कॉलेजात जाशील तू?"

"हो."

"मंग कोर्ट?"

"सोडीन."

तिचा हात थांबला. "त्यायनं तुले वकील केलं. लोकाइले सांगत फिरत, माही बहीण वकील हाय म्हणून. ते असते त मानले असते का?"

मानला असतास का रे? मला खरंच ठाऊक नाही. तुझ्यासाठी वकील झाले आणि तुझ्यासाठीच वकिली सोडायला निघाले, यातलं तुला काय आवडलं असतं?

मग अभ्यास. शाळेत सोडून दिलेलं गणित पुन्हा काढलं. टक्केवारी, गुणोत्तर, नफा-तोटा. बाररूममध्ये पुस्तक उघडलं की कुणीतरी म्हणायचंच, "बाई, पाढे पाठ करून राह्यल्या का?" मी पण हसायचे. परीक्षा अकोल्याला दिली. भोवती सगळी माझ्याहून कितीतरी लहान मुलं. अर्जात लिहायचं होतं, वकिली का सोडता? मी मोठमोठे शब्द लिहिले आणि सगळे खोडले. शेवटी एवढंच लिहिलं, की माझ्या भावाची दाल मिल आहे, ती बंद पडू नये असं मला वाटतं.

आणि मुलाखतीला बोलावलं, भाऊ! त्या दिवशी तू गेल्यापासून पहिल्यांदा मला भूक लागली. वहिनीनं गाडीत खायला दशम्या बांधून दिल्या. स्टेशनवर सोडायलाही आली. "घाबरजो नको," म्हणाली.

समोर तिघं होते. आधी कोर्टाबद्दल विचारलं, ते बरं गेलं. मग त्यातल्या वयस्कर बाईंनी विचारलं, "तुम्ही वर्षभर इथं राहणार. तोवर मिल कोण चालवेल?"

न्यायाधीशांनी काहीही विचारलं तरी मला काहीतरी सुचतं. इथं काहीच सुचेना. इतके महिने मी मिलसाठी शिकायला जायचं म्हणत होते, आणि शिकून परत येईपर्यंत मिल राहील का, हा विचार मी केलेलाच नव्हता. की मुद्दाम करत नव्हते?

मग त्याच बाई हळूच म्हणाल्या, "तुम्हाला मिल चालवायची आहे, की भाऊ गेला हे मानायचं नाहीये?"

"मले दोन्ही पाह्यजे," मी म्हटलं. मले. तिथं, त्या एसीच्या खोलीत. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला, तेव्हाच मला कळलं, हे मला घेणार नाहीत.

तरी वाट पाहत होते. माणूस पाहतोच. मेल उघडायचे, बंद करायचे.

मागच्या आठवड्यात वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. मलकापूरचा एकजण मिल घ्यायला तयार आहे म्हणाली. मी म्हटलं, थोडं थांब, माझं उत्तर येऊ दे.

"सुनीता, थकली मी," ती म्हणाली. "मजूर सकाळी येतात अन् गेटापाशी बसून राह्यतात. मले त्यायच्या तोंडाकडं पाह्यवत नाही. अन् मी आत गेली की वाटते, हे आतच हायेत. मशीन बंद केली की बाहेर येतील. मशीन त बंदच हाय. किती दिवस असं चालन?"

मिल तिची आहे. घेणारा माणूस मजूर तेच ठेवतो म्हणतोय. मला न येणारं काम त्याला येतं. वकील म्हणून कुणी माझा सल्ला मागितला असता, तर मीही हेच सांगितलं असतं.

मी म्हटलं, दुसऱ्या वकिलाकडून खरेदीखत करून घेऊ. ती म्हणाली, "दुसऱ्याकडं काऊन जायचं? त्यायची मिल हाय. तूच लिह्य."

ते लिहिलंय, भाऊ. चतुःसीमा लिहिल्या, शेड लिहिली, काटा लिहिला, मशिनरी लिहिली. सगळं बरोबर आहे. फक्त मिल वहिनीकडे कशी आली हे सांगणारं वाक्य राहिलंय. तिथं तुझ्या नावाआधी 'मयत' लिहावं लागतं. वारसाच्या प्रकरणांत हा शब्द मी किती लोकांच्या भावांसाठी लिहिला असेल. कधी हात थांबला नाही. चार दिवस झाले, तिथं रिकामी जागा सोडलेली आहे.

आज ते 'नाही' आलं आणि आता कशासाठी थांबायचं तेही उरलं नाही.

उद्या सकाळी तो शब्द लिहीन. रजिस्ट्री ऑफिसात सही करायच्या आधी वहिनीला सगळं खत मोठ्यानं वाचून दाखवीन, तुझ्या नावासकट, आणि त्या शब्दावर माझा आवाज अडखळू देणार नाही. तिचा हात धरायला कुणीतरी हवं ना. एवढं वचन देते. याहून जास्त काही देता येईल असं आज तरी वाटत नाही.

तुझी,
सुनीता