पान एकशे त्रेचाळीसवरचे मामा

चिक्कडपल्ली, हैदराबाद
गुरुवार

तीर्थस्वरूप नामदेवमामांना उदयचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे? मामींची शुगर? इकडे तुमची भाचेसून ज्योती ठीक आहे, मी ठीक नाही. तीन दिवस झाले, अन्न गोड लागत नाही. (फोनवरच सांगितलं असतं, पण तुमचा फोन मामींकडे असतो, आणि मामींना कळलं की भालकीपासून लातूरपर्यंत कळतं.)

मी गाईडं लिहितो हे तुम्हाला ठाऊक आहेच. नारायणगुड्याच्या प्रकाशक एकनाथरावांनी सांगावं आणि मी लिहावं: शेळीपालन, मधुमेह, बँकेची परीक्षा. तीस वर्षांत कुणी चूक काढली नाही (वाचतं कोण, असं ज्योती म्हणते). यंदा ते म्हणाले, वेगवान गाड्यांचा इतिहास लिहा, पोरं वेडी आहेत. मामा, मला स्कूटर सोडून काही चालवता येत नाही. तरी इंजिन पुढून मागं का गेलं, शर्यतीतल्या गाड्या रस्त्यावर कशा आल्या, सगळं इमानदारीत लिहिलं. पण पुस्तक छापतात सोळा-सोळा पानांच्या फॉर्मात, आणि शेवटी दोन पानं कोरी राहत होती. एकनाथरावांना कोरं पान नक्को. दुपारी चारला छपाईला जायचं होतं. मग मी लिहिलं की १९७१ साली नामदेवराव नावाच्या तरुणानं लाल, दोन सीटच्या गाडीतून उदगीरहून हैदराबाद अडीच तासांत गाठलं. पुरावा म्हणून पान एकशे त्रेचाळीसवर तुमचा तो फोटो टाकला, गॉगल लावून वरातीच्या गाडीला टेकलेला. (गाडीवरचा हार कापला. नवरदेवही कापला.)

तुम्ही उतार आला की सायकलवरून उतरून चालणारे. मला लाज वाटते, खरंच वाटते.

सोमवारी सत्यवतीगारूंचा (म्हणजे आपल्याकडच्या सत्यवतीबाईच) फोन आला. जुन्या गाड्यांच्या क्लबच्या अध्यक्ष, रिटायर्ड इंजिनिअर, फार कसून विचारतात. नामदेवरावांचा मलकपेठेत सत्कार करायचाय, नंबर द्या म्हणाल्या. नंबर दिला असता तर तुम्ही खरं बोलला असता आणि माझी तीस वर्षं पाण्यात गेली असती. म्हणून मी तुम्हाला मारलं. म्हणजे फक्त फोनवर. मागच्या वर्षी, झोपेत, काही त्रास न होता. बाई हळहळल्या. मग त्यांनी गाव विचारलं, आणि मी परेशान माणूस, खरं गाव सांगून बसलो.

असो. तुमच्या आशीर्वादानं बाकी सगळं क्षेम आहे. मामींना नमस्कार सांगा, पत्र मात्र दाखवू नका.

आपला भाचा,
उदय

ता. क. शनिवारी सकाळी क्लबच्या अकरा गाड्या हार घेऊन मामींचं सांत्वन करायला तुमच्या दारी येताहेत. मामा, पाया पडतो, त्या दिवशी मामींना घेऊन कुठंही जा. हे पत्र उद्याच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतोय.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवत होतो तोच मामींचा फोन. मंडळी आजच येऊन गेली म्हणे. त्यांच्या हातातल्या पुस्तकात स्वतःचा फोटो बघून तुम्ही नामदेवरावांचे धाकटे भाऊ झालात, सगळ्यांना चहा पाजलात, आणि दादा अडीच नाही, दोनच तासांत पोचला होता असंही सांगितलंत. इथवर मी तुमचा जन्मभराचा ऋणी आहे. पण ती लाल गाडी मळ्यात हरभऱ्याखाली पुरली आहे, हे कशाला सांगितलंत? सत्यवतीगारू सोमवारी जेसीबी घेऊन येताहेत. हरभरा तेवढा आधी काढून घ्या.