बांधावरची लाल चिंधी

आप्पा, लिहिन्यात चुका हुतील, माफ करा. आठवीत शाळा सुटली ती सुटली. एका बोटानं टाईप करते, एक ओळ हुईस्तवर चहा गार हुतो. पन तुमाला हे सांगायचंच हुतं.

तुमी जाऊन आठ वर्सं झाली. मी तवा नऊ वर्साची. पन एक दिस अजून डोळ्यापुढं हाय. डाळिंबावर फवारायचंय, पंप भरून ठेवलाय, आन तुमी आईच्या जुन्या साडीची लाल चिंधी घेऊन शेजारच्या चाचांकडं निघालाय. मी मागं मागं. चाचा शेळ्या सोडत हुते. तुमाला बघून म्हनले, "आलं का निशान? चला गं बायांनो, आज तुमाला माहेरी धाडतो." तुमी त्यांना औषधाचं नाव सांगितलं, किती दिस शेळ्या इकडं आनायच्या न्हाईत ते सांगितलं, आन बांधावरच्या बोरीला चिंधी बांधली. मला हसू आलं. म्हनलं, आपल्याच रानात फवारायचं, त्यांना कशाला सांगत बसायचं? तुमी लई रागावला. "पंप आपला हाय, वारं आपलं न्हाई." मी रुसून जेवलेच न्हाई त्या दिवशी.

औंदा खालच्या अंगाच्या रानात कॉलेजची मानसं ड्रोन घेऊन आली. नव्या औषधाचा प्रयोग करायला. रानाच्या मालकाची सही घेतली, फोटो काढले, समदं कायद्यानं. फक्त बांधाच्या पल्याड शेळ्या कोन चारतं, ते कुनी विचारलं न्हाई. मी चारत हुते. वारं सुटलं. माझ्या चारी शेळ्या तीन दिस चाऱ्याला तोंड लावीनात. जनावरांचे डॉक्टर म्हनले, "कंचं औषध हुतं?" मला नावच ठाव न्हाई. वाचल्या शेळ्या, पन मी लई रडले.

मग जिल्ह्यावरनं एक मॅडम आल्या. असले नवे प्रयोग गावात कसे करायचे, त्याचे नियम ठरवनारी समिती हाय म्हने. तिच्यात समदे साहेब आन प्रोफेसर. मॅडम म्हनल्या, ज्यांच्या अंगावर हे औषध उडतं ते बी समितीत बसले पायजेत. जिल्ह्याच्या गावी, सावेडीत बैठक हुती, चाचा थकलेत, म्हनून मला बोलावलं. आई संगं आली. मी तासभर फरशीकडंच बघत बसले. आई कानात म्हनली, "बोल की गं. घरात तर तोंडाचा पट्टा थांबत न्हाई." समोर एक साहेब म्हनत हुते, मालकाची परवानगी हाय ना, मग झालं. तवा माझ्या तोंडातनं निघालंच, "साहेब, ड्रोन तुमचा हाय, वारं तुमचं न्हाई."

मग मी चिंधीचं सांगितलं. साहेब हसले, "चिंधी कशाला, मेसेज पाठवू की." मी म्हनलं, "रानात रेंज नसती. चिंधी लांबनं दिसती." आई पदरात हसत हुती.

आता नियम झालाय. एक दिस आधी चारी बाजूच्या लोकांना सांगायचं, औषधाचं नाव कागदावर लिहून द्यायचं, बांधावर लाल कापड लावायचं. आन प्रयोगातनं काय निघालं, ते बी गावात येऊन सांगायचं. परवा ड्रोन परत आला. त्याच्या आदल्या दिवशी ते साहेब सोता चाचांच्या दारात हुबे, हातात लाल कापड. चाचा म्हनले, "आलं का निशान?" साहेबांना कळलं न्हाई. मला कळलं.

एक खोटं बोलले, आप्पा. बैठक झाल्यावर मॅडमनी विचारलं, "हे तुला कोनी शिकवलं?" मी म्हनलं, "कुनी न्हाई, मलाच सुचलं." तुमचं नाव घेतलं असतं तर तिथंच रडू फुटलं असतं. तुमचा नंबर आता दुसऱ्या कुनाकडं गेलाय, म्हनून हे पाठवत न्हाई. मोबाईलमधीच राहू दे.

आन हां, आई स्कुटी शिकली. काल एकटीच मिरजगावला जाऊन आली.