तुझं एक नाणं आणि माझी अकरा

ती. मामास,

तर परवा फोनवर मी 'तुझं नाणं अगदी ठणठणीत आहे' असं म्हणाले, त्याचं पुढचं वाक्य राहिलं होतं. तेवढ्यात मामीने तुला हाक मारली आणि तू फोन ठेवलास. ते वाक्य जरा लांबलंय, म्हणून पत्र. (शिवाय फोनवर तू दर दोन शब्दांनी 'काय?' म्हणून ओरडतोस. पत्रात तुला ओरडायचं तर मामीवर ओरडावं लागेल, आणि ती हिंमत तू करणार नाहीस.)

पण रीतीप्रमाणे आधी साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख घेतलीत की अजून 'पावसाळा जाऊ दे' चालू आहे? मामी बऱ्या आहेत ना? (एरवी मी तुला अरेतुरे करते, पण पत्रात मोठ्यांना 'तुम्ही' म्हणतात असं आई म्हणाली. इंग्लिश मीडियमची असले तरी मला वळण आहे, हे तुम्हाला दिसावं म्हणून एवढ्या परिच्छेदापुरतं म्हटलं. आता संपलं.) सकाळची बीपीची गोळी घेतली असशील तर पुढे वाच. नसशील तर आधी घे, मी थांबते.

घेतलीस? बरं.

रविवारी तुमच्या नाणेमंडळाचं प्रदर्शन आहे हे माझ्या लक्षात आहे. मधल्या काचेच्या पेटीत तुझं घोड्याचं नाणं ठेवायचंय, आणि 'आमच्या आजोबांना नांगरताना सापडलेलं, तीन पिढ्या जपलेलं' असं कार्डसुद्धा छापून आलंय, हेही लक्षात आहे. ते नाणं माझ्याकडे आहे आणि ते शनिवारपर्यंत तुझ्या हातात पडलं पाहिजे. हे सगळं मला पाठ आहे. मी बेजबाबदार नाही एवढंच सांगायचंय. आता काय झालं ते सांगते.

तुला माहितीये, मी ऑनलाइन अकरा नाण्यांचा लॉट घेतला. विकणाऱ्याच्या फोटोच्या जागी ट्रॅक्टर होता, म्हणून आम्ही त्याला ट्रॅक्टरवालाच म्हणतो. त्याने खाली लिहिलं होतं, 'शेतातली आहेत, धुतलेली नाहीत, गॅरंटी नाही, परत घेणार नाही.' एवढा प्रामाणिक माणूस मी इंटरनेटवर पहिल्यांदाच पाहिला, लगेच ऑर्डर केली. पाकीट उघडलं तर आत अकरा मातीच्या टिकल्या. एका टिकलीतून घोड्याचा कान तेवढा बाहेर आलेला. खरी की खोटी ते कसं कळणार? म्हणून तुझं नाणं मागितलं. तू दाढीच्या ब्लेडच्या डबीत कापूस घालून दिलंस आणि म्हणालास, 'याच्या शेजारी ठेव. खोटं असेल ते आपोआप लाजेल.'

मी काही घाई केली नाही. आधी आठ दिवस नुसतं वाचलं. नाणीवाल्यांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, तिथे विचारलं, की तांब्याचं नाणं कसं साफ करतात? एकाने सांगितलं, सहा महिने ऑलिव्ह ऑइलमध्ये ठेवा. दुसऱ्याने सांगितलं, तेल लावणाऱ्याला तुरुंगात ठेवा. तिसरा म्हणाला, साफ करूच नका, आणि मग तिघांचं इतकं जुंपलं की मला सगळे विसरूनच गेले. शेवटी मी मधला मार्ग काढला. बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणलं, आईचा बारा स्टीलच्या डब्यांचा सेट घेतला, आणि अकरा डब्यांत एकेक नाणं भिजत घातलं. बाराव्यात तुझं. कोरडं, पाणी नाही, काही नाही. (सायन्स प्रॅक्टिकलमध्ये एक सॅम्पल असं ठेवतात ज्याला काहीच करायचं नसतं. त्याला कंट्रोल सॅम्पल म्हणतात.) त्या डब्याच्या झाकणावर मी पट्टी चिकटवून लिहिलं, 'मामाचं. हात लावू नये.'

झाकणावर, मामा. डब्यावर नाही. माझी चूक म्हणशील तर एवढीच.

मी कॉलेजला गेले. आईला भाजीसाठी डबा हवा होता. तिने ओट्यावर बघितलं तर तिचे बाराही डबे अडकलेले आणि अकरांत चिखल. आता ती तुझी बहीण आहे, तुला तिचा स्वभाव मी काय सांगणार? तिने सगळं एका चाळणीत ओतलं, डबे घासले, झाकणं घासली, पट्टी खोबरेल तेल लावून काढली, आणि हात ओलेच होते म्हणून लिंबू, मीठ आणि तांब्याच्या भांड्यांची पावडर घेऊन तारेच्या घासणीने नाणीही घासली. मी घरी आले तेव्हा बारा नाणी पंचावर वाळत होती. नुकती न्हाऊ घातलेली बाळं असतात तशी गुलाबी.

मी किंचाळले. आई म्हणाली, "बघ, कशी लख्ख झालीत! तुझा मामा इतकी वर्षं काळं ढुस्स नाणं कुरवाळत बसलाय, एकदा घासलं असतं तर?" मी विचारलं, त्याचं कुठलं होतं? ती म्हणाली, "झाकणावर लिहिलं होतंस ना?" मी म्हटलं, पण ते झाकण कुठल्या डब्यावर होतं? तर म्हणाली, "सगळ्या डब्यांना सगळी झाकणं बसतात, म्हणून तर सेट घेतला."

बारा घोडे. बाराही उजवीकडे तोंड करून. मी तुझ्या नाण्याचे आधी एकेचाळीस फोटो काढून ठेवले होते (बघ, बेजबाबदार नाही), पण त्या सगळ्यांत ते कोटाच्या काळ्या बटणासारखं दिसतंय. किचनचा वजनकाटा बाराही नाण्यांना 'शून्य' म्हणाला. बाबांनी पेपरमधून डोकं वर न काढता सल्ला दिला, "त्याला कुठलंही दे. तो अजून ऑपरेशन टाळतोय ना?" पण मामा, मला ते पटलं नाही. समजा मी चुकून लॉटमधलं एखादं खोटं पाठवलं आणि तुझ्या मंडळाच्या लोकांनी भिंग लावलं, तर काचेच्या पेटीपुढे नाक कोणाचं कापलं जाणार? माझं नाही.

म्हणून मी टांकसाळकाकांकडे गेले. मागच्या गल्लीत सायकलच्या दुकानावर राहतात. तीस वर्षं टांकसाळीत नाणी पाडली आणि आता घरी बसून लोकांची नाणी खोटी पाडतात. खोलीत खुर्ची एक आणि ड्रॉवर साठ. त्यांनी माझी बारा नाणी बघितली आणि मग मला त्याहून जास्त वेळ बघितलं.

"कोणी केलं हे?"

"आईने," मी म्हटलं. (खरं होतं.)

"ही काळी साय धरायला दोनशे वर्षं लागतात," ते म्हणाले, "आणि काढायला तुझी आई."

पण माणूस चांगला आहे. एकेक नाणं सोनाराच्या काट्यावर ठेवलं, कडेवरून भिंग फिरवलं, मग लाकडी टेबलावर टाकून कान लावून ऐकलं. मला शिकवलंही. खरं नाणं ठोकून पाडतात, खोटं साच्यात ओततात. ओतलेल्याच्या अंगावर तारुण्यपीटिकांसारखे बारीक बुडबुडे असतात आणि कडेला साच्याचे दोन भाग जुळतात तिथे शिवण दिसते. तासाभराने त्यांनी अकरा नाणी एका बाजूला केली आणि बारावं नखाने टिचकी मारून दुसऱ्या बाजूला. "हे ओतलंय. संग्रहालयाच्या दुकानात मिळायची अशी पूर्वी, सहलीला येणाऱ्या पोरांसाठी."

मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाया पडले. हिशोब सरळ आहे ना? तुझं तर खरंच आहे. म्हणजे माझी दहा खरी आणि ट्रॅक्टरवाल्याने एक खोटं खपवलं. घरी येऊन त्याला एक स्टार दिला आणि खाली खरमरीत लिहिलं. त्याचं उत्तर आलं, 'मॅडम, मी माती विकतो. आत काय निघेल ते तुमचं नशीब. पण ओतलेला माल माझ्याकडे नाही.' चोराच्या उलट्या बोंबा! ते खोटं नाणं बाबांच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली ठेवलंय. अगदी मापाचं निघालं.

तर या पत्रासोबत अकरा खरी नाणी पाठवतेय. त्यातलं एक तुझं. डोळ्यांनी नाही कळलं तरी बोटांना कळेल, इतकी वर्षं चोळलंयस. तुझं ठेव, माझी दहा परत पाठव. रंग गुलाबी आहे, त्याबद्दल तुझ्या बहिणीशी बोल.

तुझी लाडकी (अजून असले तर)
भाची

ता. क. ऱ्हस्व-दीर्घ तपासायला पत्र आईकडे दिलं होतं. टांकसाळकाकांपर्यंत ती लाल पेनाने छान चुका काढत होती. मग पेन ठेवलं आणि स्टुलावर बसली. मला वाटलं, पाठ भरली. तर म्हणाली, "अगं, घासताना अकरांवरचा काळा थर निघता निघत नव्हता. एक मात्र दोन हातांत साफ झालं. बूटपॉलिशच होतं ते."

मामा, तू अकरा वर्षांचा होतास आणि कॅम्पला गेला होतास. पोहायला शिकून आलास की नाणं तुझं, असं आजोबांनी (म्हणजे तुझ्या बाबांनी) कबूल केलं होतं. आई सात वर्षांची. तिने ते कपाटातून काढलं, चौकोन आखून लंगडी खेळताना ठिकरी म्हणून टाकलं आणि ते गटाराच्या जाळीतून गेलं. आजोबा दोन दिवस काठी घेऊन गटारात शोधत होते. तिसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या दुकानात गेले. तिथून तसंच एक घोड्याचं नाणं आणून त्याला बूटपॉलिश लावलं, पुसलं, परत लावलं. आईला म्हणाले, "दादाला कळलं तर त्याचं नाणंही जाईल आणि बहीणही. एकच जाऊ दे." तू आलास आणि ते मुठीत घेऊन आठवडाभर झोपायचास म्हणे. आईने ते आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

ता. क. २. टेबलाखालचं नाणं काढलंय. पुसून कापसात ठेवलंय. ट्रॅक्टरवाल्याला पाच स्टार दिले आणि माफी मागितली. त्याने अंगठा पाठवला.

ता. क. ३. पार्सल पुन्हा उघडलंय, आज फक्त पत्र टाकतेय. आई म्हणते, त्याला काही सांगू नकोस, अकरांतलं एक गुपचूप पाठव, पेटीत खरं नाणं दिसेल आणि कोणाला कळणार नाही. (हे ती माझ्या खांद्यावरून वाचतेय आणि मला चिमटे काढतेय.) बाबा म्हणतात, दोन्ही पाठव, त्याचं तो बघेल. पण कार्डावर लिहिलंय ते आता दोन्हींपैकी कशालाच लागू नाही. माझी अकरा खरी आहेत, पण ती आपल्या घरी कधी नव्हतीच. आणि कापसातलं नांगराला लागलेलं नाही, पण आजोबा त्याच्यासाठी दोन दिवस गटारापाशी बसून मग दुकानात गेले होते. कुरिअरवाला गुरुवारी दुपारी येतो. तोवर कळव, मामा. तुझं पाठवू की खरं?