मुख्य भूमिका

३ जून
आलो एकदाचा स्टुडिओत! खोली प्रशस्त, गादी मऊ, खिडकीतून बाग दिसते. चित्रपट मात्र दिव्य. वेड्या शास्त्रज्ञाची भयकथा म्हणे. रंगभूमीवर राजे गाजवलेला मी आता पाठीला उशी बांधून त्याचा कुबडा नोकर होणार. शास्त्रज्ञाचं काम करणारा म्हातारा पूर्वी खराखुरा सर्जन होता. कसल्याशा भानगडीत हाकलला गेला. अभिनयाच्या नावानं आनंदीआनंद. शास्त्रज्ञ ज्याला जिवंत करतो त्या प्रेताचं काम एका पहिलवानाकडे. त्याला निदान पडून राहणं तरी जमतं.

५ जून
प्रयोगशाळेचा सेट म्हणजे भंगाराचं दुकान. तारांतून मात्र खरी वीज सोडतात. मी हसलो, तर म्हातारा म्हणाला, "खोटं मला जमत नाही हो." ते दिसतंच आहे.

८ जून
शॉट चालू असताना पहिलवानाला शॉक बसला. श्वासच थांबला. मेकअपवाल्या बाई किंचाळल्या. म्हाताऱ्यानं शांतपणे आणखी वीज सोडली आणि पहिलवान उठून बसला! दिग्दर्शकानं कॅमेरा थांबवला नाहीच, वर टाळ्या पिटल्या. सगळा मूर्खांचा बाजार.

१० जून
पहिलवान बोलत नाही, जेवत नाही. त्याची नाडीच लागत नाही, असं बाई सांगत होत्या. म्हटलं, तुम्ही रंग फासा, नाड्या कशाला बघता? नंतर मीच त्याचं मनगट धरून पाहिलं. बर्फ. फक्त म्हाताऱ्याच्या हाकेला वळतो.

११ जून
बाई काम सोडून गेल्या. गोष्ट बदलली आहे. म्हातारा म्हणतो, शरीर उत्तम आहे, आत डोकं हवं. म्हणजे कुबड्याचा मेंदू प्रेतात घालायचा. मुख्य भूमिका माझी! कळलं एकदाचं गाढवांना. पळून जावंसं वाटतंय खरं. पण शेवटपर्यंत पडद्यावर मीच —

१२ जून
टेबलाचे पट्टे जाड चामड्याचे. सुरी बोथट आहे ना, विचारलं. म्हातारा नुसता हसला. इतका वाईट नट, आणि हसू मात्र — पहिलवान दारात उभा आहे. मला न्यायला —

तारीख माहीत नाही
म्हाताऱ्यानं माझीच वही पुढ्यात ठेवली. लिही म्हणतो. पेन धरवत नाही. बोटं केवढी जाड. ओरडायला गेलो, नुसती घुरघुर. पलीकडच्या टेबलावर मी पडलोय. कवटी उघडी. नाक तेवढं अजून सुरेख — या सगळ्या ध्यानांत एकटाच देखणा —
म्हातारा हाक मारतोय. जाणार नाही. असल्या टुकार नटाच्या हुकमावर मी — नाही — पाय आपले आपणच —