टपाल कोणाकडं गेलं

दादा, तुम्ही गेल्यापासून टपालखात्याचे किती मंत्री झाले, मला नीट सांगता येणार नाही. तुम्हाला आलं असतं. बाळापूरजवळच्या आपल्या गावात, घराच्या पुढच्या खोलीत तुमचं ब्रँच पोस्ट होतं, आणि दिल्लीत शपथविधी झाला की संध्याकाळी तुम्ही चुलीपाशी रेडिओ घेऊन बसायचात. माय भाकरी थापते आहे, तुम्ही हात वर करून तिला थांबायला सांगता. गृह, अर्थ, संरक्षण, रेल्वे अशी खाती वाटून होतात, टपाल अगदी शेवटी येतं. कधी येतच नाही. मग दुसऱ्या दिवशी पेपरातून कळायचं. "आपला साहेब बदलला," तुम्ही सांगायचात. माय विचारायची, "काहून? पहिला काय वाईट करून राहिला होता?"

तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा मंत्र्याच्या खात्याच्या नावात टपाल पुढं होतं, तार मागं. मग टेलिफोनचे दिवस आले, आणि आपले साहेब भाषणात टेलिफोनचंच बोलू लागले. तुम्ही चिडला नाहीत. "घरात नवं लेकरू आलं की थोरल्याकडं कोण बघतं," एवढंच म्हणालात. पण खेड्यातल्या पोस्टमास्तरांना कायम करावं, म्हातारपणी पेन्शन मिळावी, हे आपल्या मंत्र्याला एकदा समोर उभं राहून सांगायचं, हे तुमच्या मनात फार वर्षं होतं.

मी कळमनुरीला कॉलेजात असताना तेव्हाचे आपले मंत्री तिथं टेलिफोनच्या नव्या इमारतीच्या उद्‌घाटनाला आले. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून आलात आणि मला शेजारी बसवून घेतलंत. भाषण संपत आलं, टपालाचा शब्द निघाला नव्हता. तुम्ही उठून उभे राहिलात.

"साहेब, टेलिफोनचं सांगितलं, बरं झालं. टपालाचं काय?"

मंत्र्यांनी विचारलं, "आपण कोण?"

"मी तुमचाच माणूस हाय, साहेब. गावचा पोस्टमास्तर."

मांडवातली माणसं हसली. मंत्री मात्र हसले नाहीत. त्यांनी तुम्हाला पुढं बोलावलं, तुम्ही लिहून आणलेलं निवेदन स्वतःच्या हातात घेतलं, "मी वाचतो" म्हणाले. परतताना एसटीत तुम्ही मला दोनदा सांगितलंत, "स्वतःच्या हातात घेतलं, बघितलं ना तू?" तुम्हाला इतकं खूश मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पेरण्या व्हायच्या आत मंत्रिमंडळात फेरबदल झाला. त्या साहेबांना दुसरं खातं मिळालं. मी सुट्टीला घरीच होते. बातम्या संपल्या तरी तुम्ही रेडिओ बंद केला नाहीत.

"उठा की आता," माय म्हणाली. "भाकर थंड होऊन राहिली."

"त्यांनी वाचलं असंल का?" तुम्ही विचारलंत. "तेवढं कळायला पायजे होतं."

सकाळी तुम्ही रोजच्यासारखे टपालाची थैली उघडून शिक्के मारत बसलात. पण त्यानंतर मंत्री बदलले की तुम्ही रेडिओपाशी आला नाहीत. मीच येऊन नाव सांगायची, तुम्ही "व्हय का" म्हणायचात. नोकरी संपली, पोस्ट दुसऱ्या घरी गेलं, पुढची खोली रिकामी झाली. नांदेडच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही अचानक विचारलंत, "सध्या टपाल कोणाकडं हाय?" मी नाव सांगितलं. तुम्ही डोळे मिटून बराच वेळ ते नाव आठवून बघत होतात. चेहरा काही समोर आला नसावा.

आता गावच्या पोस्टात लातूरकडची एक मुलगी बसते. तिच्या हातात मशीन असतं, म्हाताऱ्या बायकांचा अंगठा त्यावर टेकवून निराधारांच्या सरकारी पगाराचे पैसे देते. मायलाही देते. माय सांगते, पोरगी गोड बोलते, पाणी विचारते, कोणाला ताटकळत ठेवत नाही. हे पत्र गावच्या पेटीत टाकलं तर तिच्याच हाती पडेल, म्हणून टाकणार नाही. गावी गेले की मी त्या गल्लीतून जायचं टाळते. ती कामाला वाईट निघावी असं मला फार वाटत होतं, दादा. तशी ती नाही.